कांताबाईंचा श्वास

अमरावतीला मी आजवर अनेकदा गेलो, पण प्रत्येक वेळी कामाला. या वेळी रजा टाकून गेलो. बायकोनं विचारलं, रजेवर चाललात तर श्वास मोजायचं मशीन कशाला? मी म्हटलं, एक तपासणी राहिली आहे. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

सकाळी बडनेऱ्याला उतरलो. फेब्रुवारी सरत आला होता आणि ऊन आत्ताच डोळ्यांवर येत होतं. मी छातीचा डॉक्टर आहे. गेली वीसेक वर्षं खेड्यांतल्या लोकांच्या फुफ्फुसांवर संशोधन करतो. विडी न ओढणाऱ्या, कधी कारखान्यात न गेलेल्या बायकांना दम का लागतो, हा माझा विषय. वऱ्हाडात त्याचं उत्तर घराघराच्या मागे रचलेलं असतं. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून आणायची आणि वर्षभर चुलीत घालायची. पऱ्हाटी भुर्रकन पेटते. सारखी सारायला लागते म्हणून बाई चुलीजवळून हलत नाही.

अमरावतीत आधी रत्नाताईंकडे गेलो. बारा वर्षांपूर्वीच्या आमच्या पाहणीत त्या माझ्या मदतनीस म्हणून गावोगाव फिरल्या होत्या. आता घरीच असतात. गेल्या दिवाळीत त्यांचाच फोन आला होता. पाहणीतल्या तेल्हाऱ्याकडच्या एका गावातल्या कांताबाईंना फार दम लागतो, म्हणाल्या. पण जिथं जातील तिथं आपल्या पाहणीतला तपासणीचा कागद दाखवतात, आणि कागदावर सगळं उत्तम असल्यानं डॉक्टर त्यांना परत पाठवतात. त्यानंतर मला नीट झोप लागली नाही.

रत्नाताईंनी गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खायला नेलं. अमरावतीत पाहुण्याला तो खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. द्रोण हातात असताना मी सांगून टाकलं. त्या गावात चार बायकांच्या जागी मशीनमध्ये मी फुंकलं होतं.

त्यांनी वडा संपवला. मग म्हणाल्या, "मले माहीत होतं, सर. बाया ओसरीत बसून होत्या अन् मशीन जीपमधे वाजलं. मी का बहिरी होती?"

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"तुमी साहेब होते. माही नोकरी सहा-सहा महिन्यांची." थोडं थांबून म्हणाल्या, "तरी बोलाले पाहिजे होतं."

त्या माझ्याबरोबर यायला निघाल्या होत्या. मीच नको म्हटलं.

अकोल्याहून तेल्हाऱ्याची एसटी मिळाली. मशीनचा डबा मांडीवर होता, आणि वऱ्हाडात अनोळखी माणसाच्या मांडीवरचा डबा हा सगळ्या गाडीचा विषय असतो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय हाये जी डब्यात? दम मोजायचं मशीन आहे म्हटल्यावर ते सावरून बसले. "मंग आमचाई मोजा. बुढी म्हणते, भांडताना तुमाले दम लागत नाई, वावरातच कसा लागते?" मागच्या बाकावरची त्यांची बुढी म्हणाली, मोजाच एकदा. धावत्या गाडीत मोजता येत नाही, असं समजावेपर्यंत एका धक्क्याला डबा खाली पडला आणि पुठ्ठ्याच्या नळ्या गाडीभर सांडल्या. आठ-दहा जणांनी वाकून गोळा करून दिल्या. निम्म्या टाकून द्याव्या लागल्या.

पूर्णा ओलांडली की माती अधिक काळी होते आणि पाणी खारं होतं. उत्तरेला सातपुड्याची निळी कड दिसत राहते. तेल्हाऱ्याहून रिक्षानं त्या गावात पोचेपर्यंत मला प्रत्येक वळण आठवायला लागलं होतं.

बारा वर्षांपूर्वीचा तो दिवसही असाच उन्हाचा होता. आम्ही एका मोठ्या घराच्या ओसरीत मशीन मांडलं होतं. या तपासणीत छातीभर श्वास घेऊन तोंड नळीवर घट्ट धरायचं आणि सगळा जीव लावून फुंकायचं. गाल फुगतात, चेहरा लाल होतो, शेवटी खोकला येतो. समोर गावातली जुनी माणसं गंमत बघायला बसली होती. त्यांत कांताबाईंचे सासरे. सून सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलत नाही, तिथं ती असं तोंड करून फुंकणार कशी? चौघींनी पदराआडून, निखाऱ्यावर घालावी तेवढी फुंकर घातली. मशीननं ती मोजायला नकार दिला. रत्नाताई म्हणाल्या, सर, बायांना आत घेऊन जाऊ, नाहीतर म्हातारे वावरात जाईपर्यंत अर्धा तास थांबू. मला पुढचं गाव गाठायचं होतं. चार नोंदी गाळल्या असत्या, तर संख्या कमी पडून हे गावच पाहणीतून गेलं असतं. मी जीपमध्ये बसलो आणि चौघींचं वय, उंची भरून स्वतः फुंकलं. पुरुषाचा श्वास पकडला जाऊ नये म्हणून हातचं राखून फुंकलं. मग चार कागद काढून चौघींना वाटले. प्रकृती उत्तम.

रत्नाताईंना सांगेपर्यंत हे मी बारा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

कांताबाईंनी मला लगेच ओळखलं. "या डाक्टर. म्हातारे झाले जी तुमी." त्या मात्र पन्नाशीच्याही नव्हत्या, आणि अंगणातून ओसरीत येताना दोनदा थांबल्या. सासरे केव्हाच वारले होते. नवरा प्रल्हादभाऊ खाटेवर तूर निवडत बसले होते. सुनेनं चहा आणला. पाणी खारं हाये, चहा तसाच लागन, असं कांताबाईंनी आधीच सांगून ठेवलं. आत गॅसची शेगडी होती, तिच्यावर धुतलेल्या कापडाची घडी होती आणि भाकरी चुलीवरच चालली होती.

मी आडवळण न घेता सांगितलं. चुलीपाशी सुनेचा हात थांबला. कांताबाई उठल्या, देवळीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला.

"म्हणजे बारा वर्सं मी तुमचा दम दाखवत फिरली?"

"होय."

"डाक्टर म्हणे, तुले काई नाई, मनाचे खेळ हायेत. हे म्हणे, कामाले नको म्हणून सोंग करते. मलेई वाटे, मी कामचोरच झाली." त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. "तवा खरं सांगतलं असतं तं?"

तेव्हाच औषध सुरू झालं असतं, तेव्हाच धुरातून बाहेर काढता आलं असतं, असं मी सांगितलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं, हेही सांगितलं.

"तुमी माफी मांगाले आले का मोजाले आले?"

"दोन्ही."

"पयले मोजा."

प्रल्हादभाऊ तुरीचं सूप घेऊन उठायला लागले. कांताबाई म्हणाल्या, "तुमी नोका जाऊ. बसा अन् पाहा."

त्यांनी पदर कमरेला खोचला, नळी धरली आणि फुंकलं. खोकल्यानं वाकल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा सून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. आकडा असायला हवा त्याच्या निम्माही भरला नाही. मी तो वाचून दाखवला. एवढी वाईट बातमी इतक्या शांतपणे ऐकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. खरं तर त्यांचा चेहरा सैल झाला.

"सोंग नव्हतं, आयकलं का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

प्रल्हादभाऊ उठले. आत गेले, शेगडीवरचं कापड काढलं आणि गॅस पेटवून स्वतः पुन्हा चहा मांडला. त्यात साखर घालायची राहिली. आम्ही सगळे तो तसाच प्यायलो.

बाकीच्या तिघींपैकी दोघी गावातच होत्या. कांताबाईंनी भिंतीवरून हाका मारल्या. त्या दोघींना मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. अडखळलो तिथं कांताबाई म्हणायच्या, सांगा सांगा, मले जसं सांगतलं तसंच. एकीचा श्वास ठणठणीत निघाला, दुसरीचा थोडा उणा. निघताना माझ्या पिशवीत तूरडाळ आणि ठेच्याचा डबा आला. नको म्हणायची माझी पात्रता नव्हती.

दुसऱ्या दिवशी कांताबाई आणि प्रल्हादभाऊंना घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात गेलो. जुना कागद मी माझ्याकडं घेतला होता, नवा त्यांच्या हातात होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि श्वासातून औषध ओढायचा पंप लिहून दिला. तो कसा ओढायचा, हे कांताबाईंच्याआधी प्रल्हादभाऊंनी शिकून घेतलं.

चौथ्या, बेबीबाई, अमरावतीजवळ वलगावला लेकीकडं राहतात. परतताना तिथं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि मशीन उघडूच दिलं नाही. "माह्या वाट्याचं तुमी फुकून टाकलं ना? मंग झालं." लेकीनं समजावलं, मीही समजावलं. उपयोग झाला नाही. माझा नंबर लेकीकडं ठेवून आलो. त्या फोन करतील असं वाटत नाही.

पुण्यात परतल्यावर संस्थेला पत्र लिहिलं. त्या चार नोंदी माझ्या आहेत, त्यांवर उभा असलेला लेख मागं घ्यावा. उत्तर अजून आलेलं नाही. वऱ्हाडात मी गेलो ते ओझं उतरेल या आशेनं, हे आता कबूल करतो. ते उतरलं नाही. त्याला चार चेहरे आणि चार घरं आली, एवढंच झालं.

परवा कांताबाईंचा फोन आला. गच्चीवर कुरडया वाळत घालायला त्या स्वतः चढल्या होत्या. "पयले चारदा थांबो, आता दोनदाच..." एवढं बोलून त्यांना दम लागला आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. मला बरंच काही विचारायचं होतं. पण त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत फोन कानाशी धरून थांबलो.