पोर्टलवरचं साक्षगंध

आमची संस्था जंगलातल्या गावांतून मोहफूल आणि हिरडा विकत घेते. ऑफिस चंद्रपूरला, केंद्रं पार अहेरीपर्यंत. या सगळ्यांना एकत्र आणणारं पोर्टल मी उभं केलं. रजा, पगारपत्रक, मालाचा साठा, सूचना, सगळं एका ठिकाणी. त्यासाठी नागपूरच्या प्रोग्रामरांशी दोन वर्षं डोकेफोड केली.

मग वरोऱ्याची एक बाई कामाला लागली. माझ्याहून बरीच लहान. आल्या आल्या तिने सगळ्यांच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. त्यात रजा नाही, साठा नाही, काही नाही. फोटो टाका, आवडला तर लाल बदाम द्या, खाली चार शब्द लिहा. कोणाच्या केंद्रामागे अस्वल आलं, कोणाच्या भाच्याला नोकरी लागली, बस.

आणि लोक तिथेच पडीक! माझ्या पोर्टलवर यायचे ते पगाराच्या आठवड्यात, देवळाबाहेरून हात जोडून पुढे निघावं तसे. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला सांगू? तिचा मोबाइल वाजला की माझा चहा कडू व्हायचा.

एक दिवस साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी दोन्हींचा खर्च झेपणार नाही, एकच ठेवू, तुम्ही दोन्हींची तुलना लिहून द्या. त्याच महिन्यात माझ्या मुलीचं साक्षगंध गोंडपिपरीला आमच्या घरी ठरलं होतं. मी म्हटलं, तुलना कागदावर कशाला, मांडवातच दाखवते. तोंडी आमंत्रण फक्त साहेबांना दिलं. बाकीच्यांसाठी पोर्टलवर सूचना लावली, आणि ती अशी की ‘वाचले’ दाबल्याशिवाय पगारपत्रक उघडणारच नाही. दोन दिवसांत सगळ्यांच्या नावापुढे ‘वाचले’ आलं. मी खुशीत आचाऱ्याला अख्ख्या ऑफिसचा स्वयंपाक सांगितला.

रविवारी मुलाकडचे आले. साहेब आले. ऑफिससाठी मांडलेल्या खुर्च्या मात्र तशाच रिकाम्या. मुलाच्या आईने दोनदा विचारलं की तुमच्याकडची मंडळी यायची आहेत का. साहेब आधी खुर्च्यांकडे बघायचे, मग माझ्याकडे. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात ती वरोऱ्याची बाई आली, एकटीच, माझ्या मुलीसाठी साडी घेऊन. म्हणजे अख्ख्या संस्थेत माझी सूचना एकाच माणसाने वाचली होती, आणि ते माणूस हेच निघालं. मला त्याचाही राग आला.

“बाकीचे कुठी आहेत, बाई?” तिने विचारलं.

सगळ्यांनी वाचलंय, असं मी ठणकावून सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

“पगाराच्या दिवशी कोण वाचून राह्यलं? मले वाटलं, तुमी तोंडी सांगितलंच असन. थांबा, मी टाकते.”

मुलीला कुंकू लावतानाचा एक फोटो काढून तिने ॲपवर टाकला. शेवटची पंगत बसायच्या आत चंद्रपूरहून ऑफिसची जीप दारात उभी. मागोमाग अहेरीची पोरं मोटरसायकलींवर. एकेक जण माझ्याजवळ येऊन माफी मागायचा, आणि मग तिच्याभोवती जाऊन हसत उभा राहायचा. माझा मांडव, माझं अन्न, आणि मध्ये ती.

मी साहेबांच्या पंगतीत आलू-वांग्याची भाजी वाढत होते. त्यांनी हळूच म्हटलं, “बाई, तो तुलनेचा कागद आता राहू द्या. काई गरज नाई.”

मी बरं म्हटलं आणि त्यांच्या पानात आणखी एक डाव वाढला. पलीकडे माझी मुलगी, तिने आणलेल्या नव्या साडीत, तिच्याच खांद्याला खेटून मोबाइलात बघत होती.

“मावशी,” ती विचारत होती, “माह्या फोटोले किती बदाम आले?”