घरच्या सहीचा सर्व्हर

बाबांच्या वहीतली शेवटची नोंद अशी : 'पान उघडतं, पण जुन्याच रस्त्याने. पोर्ट पुन्हा तपासणे.' वहीची पुढची पानं कोरी.

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरात, टेबलाखाली, बाबांचा सर्व्हर चालतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते हे सगळं पुस्तकांवरून शिकले आणि विहाराच्या वाचनालयातली वाळवी लागलेली पुस्तकं स्कॅन करून त्यात ठेवली. मागच्या खोलीत वायफाय लटपटतं, म्हणून त्यांना एचटीटीपी थ्री हा वेबचा नवा प्रोटोकॉल हवा होता. त्यात वाटेत एका चित्राचा तुकडा हरवला, तरी बाकीची चित्रं खोळंबत नाहीत.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या, आदल्या सकाळी बदलापूरहून धाकटा भाऊ आला. उद्या पाहुणे बसायचे, म्हणून त्याला टेबल हलवायचं होतं आणि सर्व्हर कायमचा काढायचा होता.

"ताई, कॅम्प दोनच्या बाजारात एक जण जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग घेतो. पुस्तकं इंटरनेटवर चढवू आणि हे डबडं देऊन टाकू."

"बाबांचं काम अर्धं राहिलंय."

"अगं, पान उघडतंय ना?"

"त्यांना हवं तसं नाही."

"आणि तू करणार? शाळेत मराठी शिकवणारी?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बापाला जमलं नाही ते लेकीला जमू नये, असं कुठे लिहिलंय रे?"

"बरं. संध्याकाळपर्यंत. नाही झालं तर माझ्या गाडीत."

मी भांडणारी नव्हे. त्या दिवशी मात्र प्लगसमोर पाय आडवा घालूनच बसले.

नवा प्रोटोकॉल यूडीपी या वेगळ्या वाहतूक-पद्धतीवर चालतो, त्यासाठी पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, वेगळं उघडावं लागतं. वहीत त्यापुढे तीन वेळा बरोबरची खूण होती. चौथ्यांदा मी तपासलं. मग ब्राउझर बाजूला ठेवून साध्या कमांडने सर्व्हरला हाक मारली, तर पहिल्याच फटक्यात नव्या रस्त्याने उत्तर आलं. दार उघडंच होतं. ब्राउझर आत यायला तयार नव्हता.

कारण सर्टिफिकेट. सर्व्हर खरा असल्याची ती ग्वाही बाबांनी घरीच, स्वतःच्या सहीने, बनवली होती. जन्मभर दाखल्यांच्या रांगेत उभा राहिलेला माणूस, म्हणायचे, "माझ्या घरात मी कोण, हे बाहेरच्याने सांगायला नको." जुन्या रस्त्यावर ब्राउझर आमची सही मानत होता. नव्यावर त्याला बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेचीच हवी होती, आणि ती नसली की काही न बोलता तो जुन्याकडे वळत होता. बाबा पोर्ट तपासत राहिले. अडले होते स्वतःच्याच हट्टापायी.

"मग घे की बाहेरची सही," भाऊ म्हणाला. "फुकट मिळते. दहा मिनिटांचं काम."

"नाही."

"तू बापाच्या चार पावलं पुढे."

ब्राउझर सुरू करतानाच त्याला आमच्या सर्टिफिकेटच्या चावीचा ठसा देता येतो : ही सही मान, आणि या सर्व्हरशी नव्या रस्त्यानेच बोल. लांबलचक सूचना. टाइप करताना दोनदा चुकले. तिसऱ्यांदा ब्राउझरमधल्या प्रोटोकॉलच्या रकान्यात एच थ्री, म्हणजे नव्या रस्त्याचं नाव, आलं. बाहेर अजून ऊन होतं.

"हे एवढ्या एकाच कॉम्प्युटरवर चालेल," भाऊ म्हणाला.

"मागच्या खोलीतल्या लॅपटॉपवरही टाकते."

बाबांच्या नोंदीखाली मी लिहिलं : 'पोर्ट ठीक. सही घरचीच.'

दुसऱ्या दिवशी टेबल जागचं हललं नाही. भावाने सतरंजी त्याच्याभोवती दुमडून अंथरली, आणि वायरीवर कुणी पाय देऊ नये म्हणून स्वतः तिथे बसला.