ढगांखालचा डोंगर

पावसाळ्यात आमच्या पणजीच्या ऑफिसात उपग्रहाची चित्रं उघडायच्या भानगडीत कुणी पडत नसे, कारण त्यांत ढगांशिवाय काही नसायचं. माझ्या शेजारच्या टेबलावरचे वयस्क सदुबाब मात्र रोज सकाळी एक चित्र उघडायचे, अर्धा तास त्या पांढऱ्या गोळ्यांकडे बघत बसायचे आणि चिडून म्हणायचे, "कापतत हा, बाय. ह्या ढगांच्या आडोशाक बसान डोंगर कापतत." ढगांतून आरपार बघणारी रडारची चित्रं असतात, पण ती आमच्या वाट्याला येत नव्हती.

आमचं काम सांगायला सोपं. एकाच जागेचं पावसाआधीचं आणि पावसानंतरचं चित्र एकमेकांवर ठेवायचं आणि डोंगर कुठे कापला, उतार कुठे खचला ते शोधायचं. नकाशावर चौकोन पाडलेले होते; पेडण्याचे सदुबाबांकडे, डिचोलीचे माझ्याकडे. मी कारापूरची, त्यामुळे डिचोली मला पाठ आहे असा माझा तोरा. पहिल्याच आठवड्यात मी सुर्ल्याच्या खाणीचा एक खड्डा मातीचा ढीग म्हणून नोंदवला. सदुबाब पोट धरून हसले. "रंगाक भुला नको गो. सावळी खंय पडल्या ती बघ. सावळी फट सांगणा ना." सावली खोटं बोलत नाही, हे मला त्या दिवसापासून पटलं. डब्यातली अर्धी भाजी आणि अर्धा उंडो पाव माझ्यापुढे सरकवून त्यांनी संध्याकाळपर्यंत मला खड्डे दाखवले.

पेडण्याकडच्या त्यांच्या गावात थोरला भाऊ एकटाच राहायचा. डोंगराच्या पायथ्याला त्याचं कुळागर, सुपारी आणि केळी, सगळं एका झरीच्या पाण्यावर. "दादाक बायल ना, पोरां ना. झर आसा," असं सदुबाब सांगायचे. एका उन्हाळ्यात त्या डोंगरावरचा सडा, म्हणजे माथ्याचं कातळी पठार, बाहेरच्या लोकांनी विकत घेतला आणि घरं बांधायला डोंगर कापायची परवानगी मागितली. सदुबाबांनी जिवाचं रान केलं. जुनी चित्रं काढली, झरीचं पाणी कुठून मुरतं ते नकाशावर दाखवलं आणि हरकतीचा अर्ज तयार केला. इतका नेटका अर्ज मी पुन्हा पाहिला नाही.

अर्ज देण्याआधी ते गावी गेले, कारण डोंगर कापू द्यायचा का, याचा गावाने देवळात कौल लावायचं ठरवलं होतं. जमीन घेणारेही हात जोडून उभे होते. देवाच्या अंगावर लावलेल्या पाकळ्यांतली डावीकडची पडली, म्हणजे नकार. सगळं गाव निवांत झालं. सदुबाब परतले ते उजळलेल्या चेहऱ्याने.

"अर्ज कधी देताय? मुदत आठ दिवसांवर आली," मी विचारलं.

"देवान ना म्हटलां मगे! आतां कागद कित्याक? त्येंनीय हात जोडले, बाय. कोणाची छाती आसा?"

मी माझ्या चौकोनांकडे वळले. वाद घालायला हवा होता, हे आज कळून उपयोग नाही. खरं सांगायचं तर मलाही तो नकार पुरेसा वाटला होता. मग ढग आले.

ऑक्टोबरात आभाळ उघडलं आणि सदुबाबांनी आपल्या गावाचा चौकोन लावला. गावाकडचा उतार हिरवागार होता. पलीकडच्या बाजूला, जिथे गावातून नजर जात नाही, तिथे लांबच्या लांब सावली पडलेली होती. त्यांनी मला हाक मारली नाही. मीच मागून जाऊन पाहिलं. डोंगर पाठीमागून अर्धा नाहीसा झाला होता.

सदुबाबांनी केलेल्या तक्रारीला उत्तर आलं की मुदतीत एकही हरकत आली नाही, परवानगी रीतसर आहे. शिमग्याच्या सुमारास झर आटली. कुळागर वाळायला लागलं तेव्हा दादा एकच वाक्य बोलले. ते सदुबाबांनी मला सांगितलं: "दादा म्हणालो, तू सगळ्यांचे डोंगर बघतस रे, आमचोच तेवडो ऱ्हवलो?"

दादा वास्कोला बहिणीकडे गेले आणि पावसाआधीच वारले. सदुबाब कामावर येत, पण ढग बघणं त्यांनी सोडलं. कुणी समजूत घातली तर म्हणत, "देवान ना म्हटलेलां. तां कागदार सांगपाचां काम माझां आसलां." त्याच वर्षी तेही गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण दिलं. मला ते पटलं नाही.

पेडण्याचे चौकोन आता मीच बघते. या ऑक्टोबरात त्यांच्या गावाची दोन चित्रं एकमेकांवर ठेवली. पावसाआधीही अर्धाच डोंगर, पावसानंतरही तेवढाच. दोन चित्रांत काडीचाही फरक नव्हता. रकान्यात "बदल नाही" असं लिहिलं, खाली सही केली आणि पुढचा चौकोन उघडला.