झिलूची वाकळ

झिलूनं अंथरूण भिजवलं की पुतळी सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडायची, आणि त्या ओरडण्यात राग आहे असं वाडीत कधी कुणाला वाटलं नाही.

"मेल्या, भाईर पाऊस कमी पडला म्हणून घरात पाडलास व्हय रं?" म्हणत ती ओली वाकळ खांद्यावर टाकायची. झिलू उघडानागडा तिच्या मागोमाग चुलीपर्यंत नाचत जायचा. जोयड्याकडचा पाऊस तो, एकदा धरला की उन्हाचं तोंड दिसायला गणपती येऊन जावे लागतात. तेव्हा वाकळ वाळवायची ती चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवरच. घरभर धूर आणि मूत यांचा मिळून एक वास असायचा. पुतळीचा नवरा कान्हू जेवताना नाक मुरडायचा.

"भाकरीला बी ह्येचाच वास यायला लागला."

"मग? राजाच्या घरातलं अत्तर हाय त्ये. फुकट मिळतंय तर घ्या हुंगून."

राजा म्हणजे झिलूच, चार वर्षांचा होता. त्याचं खरं नाव शिवानंद, पण ते अंगणवाडीच्या बाईंशिवाय कुणाच्या तोंडी नव्हतं.

हा राजा पुतळीच्या पोटचा नव्हता. हे इथं सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतःहून कधी सांगायची नाही. कान्हूचा थोरला भाऊ परशू, त्याची ही दोन पोरं, मोठी रक्षिता आणि धाकटा झिलू. त्यांची आई काशी तापानं गेली तेव्हा झिलू अजून अंगावर पीत होता. परशू रामनगरला लॉरीवर ड्रायव्हर. लॉरीत पोरं घेऊन हिंडणार थोडाच? पोरं काकीच्या पदरात आली. पुतळीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. नवस झाले, अंगारे झाले, जोयड्याच्या डॉक्टरीणबाई झाल्या. आणि मग एका दिवसात दोन पोरं. काशीच्या सुतकाच्या दिवसांत, घरात रडारड चालली होती आणि पुतळी परसात झिलूला न्हाऊ घालत होती, तेव्हा तिला आनंद झाला. खरंच झाला. त्या आनंदाची तिला एवढी लाज वाटली, की पुढं कितीतरी दिवस काशीच्या फोटोसमोर उदबत्ती लावताना ती खाली बघायची.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात. इथं मावशी नव्हती, काकी होती, पण वाडीतल्या बायकांनी म्हण तिलाच लावून टाकली.

सुरुवातीला झिलूला झोप येईना. तोंडात काही असल्याशिवाय ते पोर डोळा मिटायचं नाही. शेवटी पुतळीनं त्याला छातीशी धरलं. दूध कुठलं असणार! पण तो तशीच कोरडी छाती चोखत झोपी जायचा आणि ही पाठीला मुंग्या आल्या तरी हलायची नाही. दातांनी चावायला लागला तेव्हा सासू सावित्री म्हणाली, "आता तोड त्येला. किरायतं लाव." किरायतं म्हणजे ताप आला, जंत झाले की उकळून देतात तो पाला. इतका कडू, की नुसतं नाव काढलं तरी पोरं परसाकडे पळतात. इकडच्या बायका पोराला दुधावरून तोडताना तोच वाटून लावतात. पुतळीनं लावला. झिलूनं तोंड घातलं, थुंकला, तिलाच एक चापट दिली, कोपऱ्यात जाऊन रुसून बसला, आणि थोड्या वेळानं येऊन पुन्हा तिथंच डोकं टेकून झोपला. कडू लागलं ते त्यानं कधीच माफ करून टाकलं होतं.

मग परशूनं दुसरं लग्न केलं. केलं तर केलं, माणसानं किती दिवस हातानं शिजवून खायचं? सुमंगला रामनगरचीच. मूल होत नाही म्हणून पहिल्या नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली. लग्नानंतर घरी आली ती रक्षिताला रिबिनी, झिलूला खेळण्यातली लॉरी आणि पुतळीला लुगडं घेऊन. नात्यानं थोरली जाऊ, पण जेवणं झाल्यावर पुतळीशेजारी भांडी घासायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, "पुतळाक्का, मला पोरांचं काय बी कळत न्हाई. त्यास्नी काय आवडतंय, कशाला भ्यात्यात, तेवढं सांगा."

पुतळीला राग करायला तरी जागा हवी होती. या बाईनं तीही ठेवली नाही.

वैशाखात परशू पोरांना न्यायला जीप घेऊन आला. रक्षिता समजूतदार, गेली. झिलूला पुतळीच्या लुगड्यातून सोडवावं लागलं, एकेक बोट करून. आठवडा झाला नसेल, तोवर परशू त्याला परत घेऊन आला. पोर तापानं फणफणलेलं, गालफडं बसलेली. अंगणात उभं राहून परशू धाकट्या भावाला म्हणाला, "कान्हू, त्या बाईच्या हातचं पाणी पीत न्हाई रं ह्यो. ती बसलीया रडत. पोरगी तिकडं 'झिलू कुठं' म्हणून रडतीया. माझी पोरं मी एका जागी वाढवू नको काय?"

कान्हू काय बोलणार? खरं होतं ते. भावाची पोरं ती, भावाकडेच जायची. थोरल्या दिरासमोर बोलायची रीत या घरात नव्हती, म्हणून पुतळी दाराआड उभी राहून ऐकत होती. रीत नसती तरी ती काय बोलली असती, कुणास ठाऊक. पोराचं अंग उतरलं की आठ दिवसांनी नेतो, असं सांगून परशू गेला.

सावित्री सुपात तांदूळ घेऊन बसली होती. ती सुनेला म्हणाली, "पुतळे, त्ये तुला सोडत न्हाई, का तू त्येला सोडत न्हाईस? अशानं पोरगं ना हितलं ऱ्हाईल ना तितलं. छातीवरनं तोडलंस तसं आता मनावरनं तोड. लाव किरायतं."

म्हातारी वाईट नव्हती. जसं तिला माहीत होतं तसं तिनं सांगितलं. आणि पुतळीनं ते ऐकलं, कारण तिलाही दुसरं काही माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात कोन लावायचे दिवस होते. कोन म्हणजे मांडीएवढा वाढणारा कंद. इकडच्या घरांचं हिवाळ्यातलं पोट त्यावर भरतं, आणि या घरात दर पोराच्या नावानं एक खड्डा असतो. झिलूनं काकाबरोबर आपला खड्डा भरला, वर माती थोपटली, "ह्यो माझा" म्हणून सगळ्यांना बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकळ भिजलेली होती. पुतळीनं ती उचलली आणि चुलीकडे न नेता अंगणात भिरकावली.

"मला न्हाई पायजे असलं घाण पोर. वाकळ भिजवतोस तू. जा तुझ्या नव्या आईकडं. शाणं पोर आसंल त्येच हितं ऱ्हाणार."

झिलू हसला. ओरडण्याची त्याला सवय होती. आता अत्तराचं काहीतरी बोलणं येणार, हेही त्याला ठाऊक होतं. तो नाचायला लागला. तेव्हा पुतळीनं त्याच्या थोबाडीत मारली.

त्याच्या उभ्या जन्मात पहिल्यांदा. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. मग स्वतःच जाऊन वाकळ उचलायला लागला. ती त्याच्याच्यानं उचलेना, म्हणून मातीतून ओढत ओढत दारापर्यंत घेऊन आला. पुतळीनं दार ओढून घेतलं आणि आतल्या बाजूला पदर तोंडात कोंबून खाली बसली.

पुढचे दिवस तिनं तसंच निभावलं. त्याला जवळ घेतलं नाही, भरवलं नाही, राजा म्हटलं नाही. परशू आला तेव्हा झिलू आपली लॉरी घेऊन मुकाट जीपमध्ये चढला. "सुंठीवाचून खोकला गेला बघ," परशू कान्हूला म्हणाला, आणि खूश होऊन निघून गेला. पुरुषांना काय कळतंय कुणी कसलं किरायतं वाटलं नि कुणाला पाजलं!

त्या साली पाऊस नेहमीसारखाच लागला. ताटीवर मिरच्या होत्या, वाकळ नव्हती. एकदा जेवता जेवता कान्हूनं भाकरी खाली ठेवली. "नुसता धूरच लागतोय गं भाकरीला," तो म्हणाला. दोघांनाही मग जेवण गेलं नाही. रस्त्याच्या वळणावर तेवढी रेंज मिळायची, तिथं जाऊन पुतळी कधीमधी रामनगरला फोन लावायची. रक्षिता बोलायची, शाळेचं, मैत्रिणींचं सांगायची. झिलूला दे म्हटलं की तिकडं कुजबुज व्हायची आणि ती सांगायची, "तो न्हाई येत म्हणतोय." बरं झालं, किरायतं लागलं, असं पुतळी स्वतःला सांगायची, आणि घराकडे येताना वाटेत कुणी भेटलं तर डोळ्यांत चिलट गेलं म्हणायची.

पौषात कोनाचे वेल वाळले. खणायच्या वेळेला परशू सगळ्यांना घेऊन आला. पुतळी सकाळपासून दारात होती. रक्षिता धावत येऊन गळ्यात पडली. झिलू मागून आला, केस बसवलेले, पायात चपला. दोन हातांचं अंतर ठेवून उभा राहिला आणि वाकून काकीच्या पाया पडला.

"झिल्या!"

"मी शिवानंद," तो म्हणाला. उद्धटपणानं नव्हे, शाळेत सांगतात तसं.

त्याच्या नावाचा कोन कान्हूनं हळूहळू बाजूची माती काढत अख्खा वर काढला. पोराच्या कमरेएवढा निघाला. मागं हा पोरगा खड्ड्यातच उडी घालायचा. आता कडेला उभा राहून त्यानं विचारलं, "हात लावू काय?" जेवताना ताटातलं सगळं संपवलं, ताट स्वतः उचलून नेलं. सुमंगला कौतुकानं म्हणाली, "लई गुणी हाय वो. मला काय बी तरास न्हाई." पुतळी "व्हय" म्हणाली. आपलंच पोर आपल्या घरात पाहुणं होऊन जेवलं, हे तिला दिसत होतं.

निघायच्या वेळी परशू कोनाची पोती जीपमध्ये चढवत होता. पुतळी चुलीपाशी पोरांसाठी भाजलेला कोन पानात बांधत होती. झिलू आत आला. त्यानं वर ताटीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काकी."

"काय रं बाळा?"

"मी आता वाकळ भिजवत न्हाई."

पुतळीचा हात थांबला.

"खरंच. रक्षिताक्काला इचार. रात्री मी पाणीच पीत न्हाई. तान लागली तरी न्हाई पीत." तो जरा पुढं आला. "आता मी शाणा झालो. आता ऱ्हाऊ काय हितं?"

एवढे महिने त्या पोरानं हेच केलं होतं. तो दुसऱ्या घराचा झाला नव्हता. शहाणा व्हायला गेला होता, परत येण्यासाठी. पुतळीनं वर बघितलं तर दारात सुमंगला उभी. हातात त्याचा स्वेटर. तिनंही सगळं ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा असा झाला होता की पुतळीला तिच्याकडे बघवेना.

परत एकदा तेच करता आलं असतं. एक कडू शब्द पुरला असता. तो तिच्याच्यानं निघाला नाही. तिनं झिलूला ओढून छातीशी धरलं.

"तू पयल्यापासनं शाणाच हाईस रं माझ्या राजा. वाकळीचं काय बी न्हवतं. मी लबाड बोलले."

तो तिच्या छातीशी तसाच उभा राहिला. मग डोकं वर करून त्यानं विचारलं, "मग मला का धाडलंस?"

पुतळीनं तोंड उघडलं. बाप, बहीण, शाळा, दारातल्या त्या बाईची रिकामी कूस, सगळं खरं होतं आणि चार-पाच वर्षांच्या पोराला देता येईल असं त्यातलं काहीच नव्हतं. तो वाट बघत राहिला. बाहेर परशूनं हॉर्न वाजवला. झिलूनं पुन्हा विचारलं नाही, शहाणी पोरं दोनदा विचारत नाहीत. त्यानं भाजलेल्या कोनाची पुडी घेतली, दारात जाऊन चपला घातल्या आणि सुमंगलाच्या आधी जीपमध्ये जाऊन बसला.

जीप वाडीच्या चढाला लागली तेव्हा पुतळी पळत सुटली. थोरला दीर समोर आहे, डोक्यावर पदर नाही, कशाचं भान तिला नव्हतं.

"सुमंगले! रात्री पाणी दे गं त्येला! भिजवंना का वाकळ! भिजवू दे! भिजवू दे गं त्येला!"

सगळ्या वाडीला ऐकू गेलं. बायका दारात आल्या. चढावर जीपचं इंजिन मोठ्यानं घरघरत होतं, आणि आत बसलेल्यांना त्यातलं काही ऐकू गेलं की नाही, हे पुतळीला कळलं नाही.