निर्मलाबाईंचं ‘हॅड टू’

निर्मलाबाई गेल्याची बातमी शिपायाने वर्गाच्या दारातूनच सांगितली. काविळीने गेल्या… माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

कर्जतकडच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि त्या इंग्रजी. ‘मस्ट’ला भूतकाळ नसतो, तिथे ‘हॅड टू’, म्हणजे ‘करावं लागलं’, येतं, हे त्या पोरांकडून त्यांच्याच वाक्यांतून वदवून घ्यायच्या. ते दुष्काळाचं वर्ष. पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जात आणि बोटांना चिंध्या बांधून वर्गात येत. त्यांच्या खाण्यासाठी सरकारकडून आलेली सुकडीच्या पिठाची पोती मात्र संस्थेच्या अध्यक्षांच्या गोठ्यात जात होती. त्यांच्या म्हशी तेवढ्या तुकतुकीत दिसत. आजही ते आठवलं की तोंड कडू होतं.

एकदा तपासणीला साहेब आले. बाईंनी नववीच्या ताराला ‘हॅड टू’चं वाक्य करायला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘यस्टरडे वुई हॅड टू स्लीप हंग्री.’’ साहेब खूश झाले, वाक्य बिनचूक आहे म्हणाले.

‘‘खरंही आहे, साहेब,’’ बाई म्हणाल्या. ‘‘यांची सुकडी अध्यक्षांच्या गोठ्यात आहे.’’

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते अध्यक्षांकडे श्रीखंड-पुरीच्या जेवणाला निघून गेले.

त्याच आठवड्यात बाईंची बदली संस्थेच्या दूर टोकाच्या गावातल्या शाळेवर झाली. तिथे टँकर विहिरीत ओतायचे आणि तेच हिरवट पाणी गाव प्यायचं. माफी मागितली तर बदली थांबेल, असा अध्यक्षांचा निरोप मीच त्यांना पोचवला. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘जावं लागेल, हे खरं. पण माफी मागावीच लागते, असं कुठे आहे?’’ दोन महिन्यांत त्यांचे डोळे पिवळे झाले…

शोकसभेत अध्यक्षांनी स्वतःच्या जाडजूड बोटांनी फोटोला हार घातला. आवाज ओला करून ते म्हणाले, ‘‘इतक्या गुणी बाईंना आम्हाला दूर पाठवावं लागलं…’’

मुलींच्या रांगेतून तारा बोलली. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

‘‘पाठवावं लागलं न्हाई. तुमी पाठवलं.’’

अध्यक्षांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. आम्ही सगळे उभे राहिलो. तारा बसून राहिली.