व्याहीबुवांचं स्कॉटलंड

माझ्या व्याहीबुवांइतकी बिनकामाची काळजी करणारा माणूस मी दोन्ही देशांत पाहिला नाही. लोक पोराबाळांची काळजी करतात, गुडघ्यांची करतात. हे राहणारे नागपूरचे, मुक्काम आयर्लंडात मुलांकडे, आणि काळजी स्कॉटलंडची. दोन हजार सातचा उन्हाळा होता. तिकडे निवडणुकीत वेगळं व्हायचं म्हणणारे लोक जिंकले होते. तेवढ्यावर ह्यांनी ठरवूनच टाकलं, की स्कॉटलंड आता सुटणार. पण सुटल्यावर युरोपच्या मोठ्या संघात त्याची जागा राहील, की दारात उभं राहून नव्याने आत घ्या म्हणावं लागेल, ह्या प्रश्नाने त्यांना अन्न गोड लागेना. म्हणजे जेवत व्यवस्थित होते. एकदा मी वाढलेल्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी ताटाच्या काठावर ठेवला. "हे स्कॉटलंड. तुटलं. आता सांगा विहीणबाई, हे ताटात आहे की ताटाबाहेर?" मी म्हटलं, "खाऊन टाका, म्हणजे प्रश्न मिटेल."

चौथी शिकलेल्या बाईला हे विचारण्यात काय अर्थ? पण ते पोस्टमनलाही विचारत. भर जुलैत माकडटोपी घालून दारात उभे राहत, आणि तो बिचारा "ग्रँड, ग्रँड" म्हणत काढता पाय घेई. येताना विमानतळावर त्यांची बॅग उघडली, तर आत धोतरात गुंडाळलेले पितळेचे दोन मुखवटे. अधिकाऱ्याने विचारलं, ह्या कोण? ह्यांनी महालक्ष्म्यांपासून सुरुवात केली ती स्कॉटलंडवर आणून सोडली. अधिकाऱ्याने घाईघाईने स्वतःच बॅगेची चेन लावून दिली म्हणे. आमच्या शेजारी एक खराखुरा स्कॉटिश म्हातारा लेकीकडे राहत असे. त्याला स्वतःच्या टोमॅटोंची काळजी होती, देशाची नव्हती. शेवटी कंटाळून तो माझ्या जावयाला म्हणाला, "तुझ्या वडिलांना सांग, आमचं ठरलं की पहिलं त्यांनाच कळवतो." व्याहीबुवांनी ते खरं धरलं आणि वाट पाहू लागले.

खरी भानगड घरात होती. ओंगार नावाच्या वस्तीतल्या त्या घरात त्यांचे दोन्ही मुलगे एकत्र राहत. धाकटा माझा जावई. माझ्या मुलीला दुसरं बाळ झालं, मी बाळंतपणाला गेले, आणि माणसांना झोपायला जागा उरली नाही. मुलीने ॲडम्सटाउनला घर पाहिलं. तिनेच पाहिलं, मी झाकून ठेवणार नाही. ते कळल्यापासून थोरल्याने धाकट्याशी बोलणं टाकलं. जेवताना बायकोला सांगे, "त्यांना म्हणावं, मीठ द्या." सख्ख्या भावाला 'त्यांना'! एकदाच काय ते सरळ बोलला, "जायचं तर जा. मग सणावाराला इकडे यायचं कारण नाही." व्याहीबुवांनी ते ऐकलं, टोपी सारखी केली आणि कुंपणापाशी स्कॉटलंड बोलायला गेले. मी तोंडावर म्हटलं, "व्याहीबुवा, आधी घरातलं बघा." ते म्हणाले, "तेच तर पाहून राहिलो जी."

सामान हलवायच्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि मुखवटे काढले. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. आमच्याकडे गौरी म्हणतात. ह्या थोर माणसाने ज्येष्ठा थोरल्याच्या हातात दिली आणि कनिष्ठा धाकट्याच्या. "झाली वाटणी." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? जोडीने येतात त्या. एकटी कुणी बसवतं का?" "वाटणी सारखी पायजे ना जी," म्हणाले आणि उठले. गाडीत मी मुलीला म्हटलं, "तुझा सासरा भला आहे, पण अक्कल नाही."

ॲडम्सटाउनला कनिष्ठा कपाटात राहिली, बाळाच्या दुपट्यांवर. भाद्रपद आला. महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळपासून जावई फोनकडे बघतोय आणि मुलगी जावयाकडे.

"तुम्हीच करा ना."

"त्याने येऊ नको म्हटलंय."

तेवढ्यात फोन वाजला. थोरला. कसा आहेस नाही, काही नाही. "इथं थोरली एकटीच आहे. किती वाजता निघताय?" जावई "निघालोच" म्हणाला आणि घरातल्या पायजम्यावरच गाडीत जाऊन बसला. कनिष्ठा माझ्या मांडीवर, दोघींना मिळून एकच पट्टा.

ओंगारला दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. पुरणपोळी झाली, आंबील झाली, शेजारचा म्हातारा टोमॅटो घेऊन आला. पंगतीत थोरला मान वर न करता म्हणाला, "मीठ दे रे." मी व्याहीबुवांना स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांगा, तुम्हाला रीत माहीत होती ना?" ते टोपीतल्या टोपीत हसले. "विहीणबाई, स्कॉटलंडात महालक्ष्म्या बसत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे."

विसर्जनानंतर मुखवटे बांधायला तेच बसले. पूर्वी हे काम आमच्या विहीणबाई करत, त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन फडकी, दोन गाठोडी. धाकटीची गाठ काही त्यांना लवकर बसेना. नागपूरच्या घरात आता ह्या दोघी बसणार नव्हत्या, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं. म्हटलं, "द्या इकडे." गाठ मी मारली. सैलच मारली, पुढच्या वर्षी सोडायचीच होती.