डिसेंबरातली केदारयात्रा

केदारनाथची यात्रा डिसेंबरात करायची, हा माझा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. दारं बंद ठेवली ती देवानं. माझ्या बाजूनं तयारी चोख होती.

त्याचं असं आहे, नागपूरचा माणूस मे महिन्यात प्रवासाला निघत नाही, तो खिडकीतल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत बसतो. कुठं जायचं ते दिवाळी झाल्यावर, संत्र्यांची टोपली घेऊन. शिवाय माझी हापिसातली किरकोळ रजा एकतीस डिसेंबरला बुडायची, आणि रजा बुडू देणारा कारकून आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. आईची इच्छा एकच होती. गुडघे शाबूत आहेत तोवर केदारनाथ स्वतःच्या पायांनी चढायचा. दहा वर्षं मी तिला "पुढल्या वर्षी" म्हणत आलो होतो. त्या वर्षी मात्र मी वही काढली आणि गाड्यांच्या वेळा, धर्मशाळा, मुक्काम, सगळं दोन रंगांच्या शाईत मांडलं.

शेजारचे बापूराव एकदा म्हणाले, "थंडीत तिथं बर्फ राहते गा." मी त्यांना सांगितलं, की आम्ही चार स्वेटर घेतले आहेत. बापूराव गप्प बसले. (माझ्यापुढं लोक गप्प बसत. त्यांना पटतं म्हणून बसतात, असा माझा समज होता.)

निघायच्या दिवशी सकाळी सगळी गल्ली आमच्या फाटकाशी जमली. आईच्या हातावर दही पडलं, आम्हा दोघांच्या गळ्यात हार पडले, बायका तिच्या पाया पडल्या. गंगाजलासाठी अकरा रिकाम्या बाटल्या जमा झाल्या. आई सायकलरिक्षात बसली आणि तेवढ्यात पोस्टमन आला.

तिथल्या पंड्याला मी दोन महिन्यांपूर्वी चार पानी पत्र लिहिलं होतं, आम्हाला कोणत्या दिशेची खोली लागेल वगैरे. त्याचं उत्तर साध्या कार्डावर आलं होतं. आमचा पोस्टमन कार्डं नेहमीच वाचायचा, त्या दिवशी त्यानं प्रेमापोटी मोठ्यानं वाचलं. पंड्यानं हिंदीत कळवलं होतं, की देवळाची दारं दिवाळीच्या सुमारास बंद झाली, वर सगळा बर्फ आहे, तो स्वतः खाली गावी उतरला आहे, आणि आम्ही वैशाखात आलो तर भेट होईल.

गल्लीत कोणी हसलं नाही. बापूरावांनी नुसता माझ्या गळ्यातला हार सरळ केला.

"आई, उतर न वं," मी हळूच म्हणालो.

"काहून?"

"दारं बंद आहेत तिथली."

"मंग उघडतीन. निघाली म्हणजे निघाली मी. केदारचं तोंड पाहिल्याबिगर ह्या घरात पाय ठेवत नाही."

"पाच महिने आहेत अजून!"

"तुह्यापायी दहा वर्षं थांबली. पाच महिन्याचं काय घेऊन बसला?"

तिनं रिक्षावाल्याला बसस्टँडवर घ्यायला सांगितलं आणि निघाली रामटेकला, मावशीकडे. बसमध्ये मी सुचवून पाहिलं, की रामटेकही डोंगरच आहे आणि रामही देवच आहे, तेव्हा दर्शन घेऊन संध्याकाळी परत येऊ. आई म्हणाली, "रामाले बोलली नव्हती मी. केदारले बोलली."

पाच महिने ती मावशीकडे राहिली आणि रोज सकाळी रामटेकचा गड चढली. दर रविवारी मी तिला भेटायला जायचो आणि पायथ्याच्या चहाच्या टपरीवर वही उघडून वैशाखाचं नियोजन करायचो. ती खाली येऊन विचारायची, की तू वर का नाही आलास. मी वही दाखवायचो. इकडे गल्लीत दूधवाल्यापासून सगळे मला रोज विचारायचे, "दारं उघडली का गा?" मी मान खाली घातली नाही. "वैशाखात!" असं मीही ठणकावून सांगायचो. रात्री बायको विचारायची तेव्हा मात्र पांघरूण ओढून घ्यायचो.

वैशाखात आई रामटेकहून थेट स्टेशनवर आली. घरात पाय ठेवला नाहीच. गल्ली पुन्हा पोचवायला आली, या वेळी हार फक्त तिला आणि बाटल्या मला.

गौरीकुंडापासून पायी चढण सुरू झाली. आई काठी टेकत, गड चढावा तशी निघाली. अर्धा तास झाला आणि मी एका दगडावर बसलो तो उठेचना. शेवटी मला कंडीत घातलं. कंडी म्हणजे हमालाच्या पाठीवरची वेताची टोपली, त्यात म्हातारी, आजारी माणसं आणि लेकरं नेतात. तिच्यात मागं तोंड करून बसावं लागतं. आई हमालाच्या मागोमाग चालत होती, त्यामुळे केदारपर्यंत आम्ही समोरासमोर होतो. मला वाटलं, आता दहा वर्षांचं सगळं काढेल. ती एकदाच बोलली, तीही हमालाशी, "भैया, आराम से. लडका नाजूक है." लडका तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

वर पोहोचलो तेव्हा दारं सताड उघडी होती. ती मी पाहिली नाहीत, आईच्या चेहऱ्यावरून ओळखलं. ती रडत होती आणि हसत होती. दहा वर्षं मी हे अडवून धरलं होतं, याची मला तिथं टोपलीत बसून फार लाज वाटली.

देवाच्या उघड्या दाराकडे पाठ करून केदारनाथला पोहोचलेला आमच्या गल्लीतला मी एकटाच. तरीही आजसुद्धा सांगतो, मला टोपलीत बसवलं ते वैशाखाच्या उन्हानं; डिसेंबरात नेलं असतं तर मी पायी गेलो असतो.